ट्रेकला न्यायची शिट्टी: सहा शिट्ट्या पावसात वाजवून बघितल्या, त्यातली कुठली घ्यावी

मागच्या जुलैत ताम्हिणीजवळच्या अंधारबनच्या जंगलात ट्रेकला गेलो होतो. मी, बायको, माझा भाचा आणि ऑफिसातले चौघं. पिंप्रीकडून सुरुवात करायची, हिरडीवरून खाली भिऱ्याला उतरायचं, नेहमीचीच वाट. पाऊस सकाळपासून कोसळत होता आणि जंगलात शिरल्यावर धुकं असं की पुढच्याची सॅक दिसायची पण सॅक घेतलेला माणूस दिसत नव्हता. एक मोठा ओढा सगळ्यांनी हात धरून ओलांडला, पलीकडे थोडं पुढे गेल्यावर डोकी मोजली तर सहा. भाचा नाही.

तो बूट बांधायला थांबला होता आणि उठल्यावर आमच्या वाटेऐवजी ढोरवाटेला लागला, हे नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढंच कळत होतं की एकोणीस वर्षांचं पोर जवळ नाही, उजव्या हाताला कुंडलिकेची दरी आहे, आणि आम्ही सहा जण घसा फाटेपर्यंत ओरडतोय तरी ओढ्याच्या आवाजात आमचंच ओरडणं आम्हाला नीट ऐकू येत नाहीये. मोबाईलला रेंज नाही. पंधरा-वीस मिनिटांतच दोघांचे आवाज बसले. शेवटी हिरडीकडून एक काका गुरं बघायला येत होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले "तुम्ही हितंच थांबा, कुणी हलू नका", आणि थोडं वर चढून एक लांबलचक हाळी दिली. ती हाळी भाच्याला ऐकू गेली. आमच्या सहा जणांच्या ओरडण्याचं जे झालं नाही ते त्या एका माणसाच्या हाळीनं झालं. पोरगं सापडलं तेव्हा आमच्यापासून जेमतेम दीडशे पावलांवर होतं, वरच्या अंगाला, एका झाडाला टेकून बसलेलं.

आणि त्याचं पहिलं वाक्य, "मामा, मी कधीपासून शिट्टी वाजवतोय."

त्याच्या सॅकला छातीवरच्या पट्ट्याच्या बकलमध्ये शिट्टी होती. हल्ली बऱ्याच सॅकना असते. त्याला मीच सांगितलेलं की हरवलास तर ही वाजव. त्यानं सांगितल्याप्रमाणे वाजवली, चाळीस मिनिटं वाजवली, आणि दीडशे पावलांवर आम्हाला कणभरसुद्धा ऐकू आली नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर ती सॅक वाळत घातली आणि बकल तोंडात धरून फुंकलं तर आधी पाणी बाहेर आलं, मग फुसफुस, आणि चार-पाच जोरात फुंकरी मारल्यावर कुठे एक बारीक पिपाणीसारखा आवाज. म्हणजे पोरगं पावसात त्या बकलमध्ये नुसती हवा फुंकत होतं.

तेव्हापासून महिनाभर मी शिट्ट्याच गोळा करत होतो. काही विकत घेतल्या, एक मित्राकडून आणली, एक माळ्यावरच्या जुन्या डब्यात सापडली. एकूण सहा. आधी तळेगावच्या बाहेर वस्तीपासून लांब एका माळावर आणि नंतर ताम्हिणीत एका ओढ्याच्या काठाला झाडीत, दोन्हीकडे वाजवून बघितल्या. पद्धत साधी होती. बायको एका जागी लाल छत्री मिटून उभी, मी पावलं मोजत लांब जायचं, शिट्टी तीनदा वाजवायची, तिला ऐकू आली तर छत्री उघडायची. आली का नाही आली का असलं फोनवर विचारायचं नाही, कारण वाजवणार आहे हे आधी माहीत असलं की कान ते ऐकायलाच बसतात, म्हणून मी अधूनमधून नुसताच उभा राहायचो आणि वाजवायचो नाही. प्रत्येक शिट्टी आधी पाण्याच्या बादलीत बुडवायची आणि बाहेर काढून झटकायच्या आधीच फुंकायची, कारण आपल्याकडे शिट्टीची गरज पडते तेव्हा पाऊसच असतो.

डेसिबलबद्दल, म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायच्या एककाबद्दल, आधी लिहितो कारण ऑनलाइन शिट्टी शोधली की पहिला हाच आकडा समोर येतो. ११५, १२०, १३०, काहींवर तर १५० लिहिलेलं बघितलं. एक तर हा आकडा किती अंतरावरून मोजला ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं, आणि अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलनं कमी होतो, म्हणजे तोंडाजवळ मोजला तर आकडा मोठा येणारच, एक मीटरवरून मोजला तर कमी. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही. दुसरं, मोबाईलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर विसंबू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, एवढ्या मोठ्या आवाजाला तो वरच्या टोकाला जाऊन अडकतो, माझ्या फोनवर चांगली शिट्टी आणि बरी शिट्टी दोन्हीला जवळपास एकच आकडा आला, पण लाल छत्रीनं दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक दाखवला. खरा मोठा फरक असेल तर मात्र तो कामाचा असतो, २० डेसिबल जास्त म्हणजे हिशोबानं मोकळ्यात दहापट अंतर. जंगलात, वाऱ्यात, धबधब्याशेजारी तो हिशोब बराच खाली येतो.

आता एकेक शिट्टी.

बकलमधली शिट्टी आधीच सांगितली. कोरडी असताना माळावर दीडशे पावलांपर्यंत छत्री उघडली, ओली असताना ऐंशीच्या पुढे नाही, आणि ओढ्याकाठी झाडीत चाळीस पावलांवर संपली. छोटीशी एकच पोकळी, हवा जायची फट नखाएवढी, त्यात पाण्याचे दोन थेंब बसले की आवाज तयारच होत नाही. शिवाय ती पट्ट्यात अडकलेली, म्हणजे वाजवायला मान खाली घालायला लागते आणि आवाज थेट छातीवर आणि रेनकोटवर आदळतो. सॅकला ती आहे म्हणून वेगळी शिट्टी घ्यायची नाही असं कुणी करत असेल तर कृपा करून घ्या. त्यातल्या त्यात काही मोठ्या सॅकची बकलं बरी वाजतात हेही खरं, पण तुमची कशी वाजते ते नळाखाली धरून घरीच बघा.

दुसरी, शाळेत पीटीच्या सरांकडे असायची तसली स्टीलची, आत बुचाचा गोळा. माळ्यावर सापडली ती हीच. कोरडी असताना हिचा आवाज मस्त आहे, तो 'फुर्रर्र' असा थरथरता आवाज आत गोळा गरगर फिरल्यामुळे येतो आणि लांबून लगेच ओळखू येतो. माळावर चारशे पावलांना छत्री उघडली. पण बादलीतून काढल्यावर गोळा कडेला चिकटला तो चिकटलाच. बूच पाणी पितं, फुगतं, त्यात लाळ आणि धूळ गेली की अजूनच. आणि घाबरलेला माणूस शिट्टी हळू फुंकत नाही, जीव खाऊन फुंकतो, तेव्हा गोळा एका जागी दबून बसायची शक्यता असते. मैदानावर ठीक आहे, सह्याद्रीतल्या पावसात हिच्यावर भरवसा ठेवू नका.

गोळ्याच्या याच कटकटीतून फॉक्स ४० आली. कॅनडातले रॉन फॉक्सक्रॉफ्ट हे बास्केटबॉलचे पंच, मोठ्या मॅचमध्ये त्यांच्या शिट्टीतला गोळा ऐन वेळेला अडकला आणि फाऊल दिसूनही शिट्टी वाजली नाही, तेव्हापासून त्यांनी बिनगोळ्याची शिट्टी करायची मनावर घेतलं आणि १९८७ मध्ये ती बाजारात आली. माझी तिसरी शिट्टी ही, फॉक्स ४० क्लासिक. हिच्यात गोळा नाही, हलणारा एकही भाग नाही. आत तीन पोकळ्या आहेत, तिन्हींचा सूर थोडा थोडा वेगळा, ते एकमेकांवर आदळून तो थरथरता आवाज तयार होतो जो जुन्या शिट्टीत गोळा करायचा. कंपनी ११५ डेसिबल सांगते. बादलीतून काढली, पाणी गळत असतानाच फुंकली, पहिल्या फुंकरीत पाणी उडालं आणि आवाज सुरू. कितीही जोरात फुंका, गुदमरत नाही. माळावर सातशे पावलांवर छत्री उघडलेली मलाच नीट दिसेना म्हणून थांबलो, तिला अजून ऐकू येत होती. ओढ्याकाठी झाडीत अडीचशे पावलं, म्हणजे भाचा जिथे बसला होता त्याच्याही बऱ्याच पुढे. हे अंतर मोजून झालं तेव्हा मी तिथे जरा वेळ तसाच उभा राहिलो.

हिच्याबद्दल अजून एक बघितलं ते सांगायलाच हवं. वाट चुकलेला माणूस चाळीस मिनिटांनंतर कसा फुंकेल याचा विचार करून मी भाच्यालाच सोबत घेऊन टेकडी धावत चढलो आणि धाप लागलेली असताना, अगदी अर्ध्या दमानं फुंकून बघितलं. क्लासिकला पूर्ण आवाजासाठी दम लागतो हे खरंय, पण अर्ध्या दमातही बकलच्या दुप्पट तरी लांब जाते. हिच्यातच तोंडाला रबरी कव्हर असलेली एक येते, ती दातात पकडून ठेवता येते, दोन्ही हात मोकळे राहतात. हात मोडलाय किंवा दोरीला लटकलोय अशा वेळेला हा फरक खूप मोठा आहे. घेणार असाल तर तीच घ्या, थोडी महाग पडली तरी.

चौथी स्टॉर्म. अमेरिकन आहे, आकारानं चांगलीच मोठी, जवळजवळ काडेपेटीएवढी, आणि कंपनी म्हणते की पाण्याखालीसुद्धा वाजते. आत गोळा आहे पण पोकळीची रचना अशी की फुंकल्यावर पाणी बाहेर फेकलं जातं, आणि खरोखर बादलीतून काढल्याबरोबर वाजली, एकदासुद्धा अडली नाही. आवाज सहाही जणींत सगळ्यात मोठा, यात मला काही शंका नाही, ओढ्याकाठी तीनशेच्या पुढे गेली. मी पहिल्यांदा घराच्या गॅलरीत वाजवली आणि कानात दोन मिनिटं कूं होत राहिलं, ती चूक करू नका, कुठलीही चांगली शिट्टी बंद खोलीत किंवा लहान मुलाच्या कानाजवळ वाजवायची नाही, १२० डेसिबलच्या आसपासचा आवाज कानाला दुखापत करू शकतो. कयाकिंग करणारे, बोटीवर जाणारे, मोठ्या ग्रुपचे लीडर यांच्यासाठी हीच घ्यावी. गळ्यात दिवसभर घालायला मात्र जड वाटते, आणि जी जड वाटते ती माणूस काढून सॅकमध्ये टाकतो.

पाचवी ॲक्मेची टॉर्नेडो २०००, माझा एक मित्र फुटबॉलचा रेफ्री आहे त्याच्याकडून आणली. ॲक्मे म्हणजे बर्मिंगहॅमची जुनी कंपनी, लंडनच्या पोलिसांची शिट्टी १८८३ पासून तिनंच बनवली. ही बिनगोळ्याची, चपटी, शर्टाच्या खिशात दिसत नाही एवढी. आवाज क्लासिकपेक्षा धारदार, माळावर तेवढीच लांब गेली, झाडीत थोडी कमी. पण अगदी हलक्या फुंकरीतही चांगला आवाज देते, त्यामुळे आईला सकाळी फिरायला जाताना द्यायला मी हीच मागवली. तिनं एकदाच वाजवून बघितली आणि म्हणाली, "कुकरपेक्षा मोठी आहे रे ही."

सहावी ती ॲल्युमिनियमची नळी, किचेनला अडकवायची, रंगीत. दिसायला छान, वजन काहीच नाही, दीडशे रुपयांना तीन मिळाल्या. तिघींचे आवाज तीन वेगळे, एक तर वाजेचना. जी वाजली तिचा सूर खूप उंच आणि एकच सपाट, माळावर दोनशे पावलं गेली पण बायको म्हणाली की कुठून येतोय तेच कळत नव्हतं, एखादा किडा ओरडतोय असं वाटलं. हा मुद्दा मी आधी लक्षात घेतलाच नव्हता. नुसतं ऐकू येऊन भागत नाही, माणूस वाजवतोय हे कळायला हवं आणि कुठल्या बाजूनं ते कळायला हवं. सपाट एकसुरी आवाजापेक्षा दोन-तीन सूर मिसळलेल्या थरथरत्या आवाजाची दिशा सापडायला सोपी जाते. त्यातही कडा समोर असेल तर प्रतिध्वनी फसवतो, ताम्हिणीत माझी शिट्टी तिला एकदा समोरच्या डोंगरातून ऐकू आली. म्हणून शोधणाऱ्यानं एका जागी उभं राहून ठरवू नये, थोडं सरकून परत ऐकावं.

कंपास, थर्मामीटर, आरसा आणि शिट्टी सगळं एकात असलेली केशरी डबीही एका दुकानात हातात घेतली होती. त्यातल्या होकायंत्राचा काटा दुकानातच दोन वेळा दोन दिशा दाखवत होता, परत ठेवून दिली.

घेताना एक काळजी घ्या, फॉक्सच्या नावाचा डुप्लिकेट माल भरपूर आहे. मला स्वतःलाच एका दुकानातून आधी नकलीच मिळाली, सव्वाशे रुपयांना, शिक्का तसाच, रंग तसाच. खरी नंतर मागवली ती चारशेच्या पुढे पडली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर नकलीच्या जोडावर नख अडकत होतं, प्लास्टिक पातळ होतं, आणि वाजवल्यावर तिचा एकच सूर निघत होता. खरीच्या कडेच्या फटींवर बोट ठेवून एकेक बंद केली की आवाज प्रत्येक वेळी बदलतो, नकलीत काहीच फरक पडला नाही. दुकानात वाजवून देत नाहीत हे समजू शकतो, पण घरी आल्यावर हे करून बघा आणि नकली निघाली तर पावती घेऊन परत जा.

शिट्टी ठेवायची कुठे यावर आमच्या ग्रुपात बराच वाद झाला. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला बांधा असं बरेच जण म्हणतात, पण घसरलेल्या माणसाची सॅक आधी जाते, ओढ्यात तर सॅक काढूनच टाकायला लागते. आणि गळ्यात घालून वरून रेनकोट घातला की चेन उघडल्याशिवाय हाताला लागत नाही, गारठलेल्या बोटांनी ती चेन उघडणं किती अवघड असतं हे पावसात भिजलेल्या माणसाला सांगायला नको. आता आम्ही सगळे गळ्यात घालतो पण रेनकोटच्या बाहेर, आणि दोरी अशी की झटका बसला तर मानेमागचं क्लिप सुटतं. हे क्लिप विसरू नका, फांदीत अडकलेल्या दोरीनं गळा आवळला जाऊ शकतो. परत आल्यावर कोमट पाण्यात हलवून धुवायची, फटीत लाल माती सुकून बसली की काडी घालून काढायची, चाकूचं टोक घालायचं नाही, फटीची कड खराब झाली की आवाज गेला.

आणि वाजवायची कशी, हे सांगितलं नाही तर चांगली शिट्टीही वाया जाते. भाचा सलग वाजवत होता, दमेपर्यंत, मग थांबत होता, त्यामुळे त्यालाही आमची हाक ऐकायला शांत वेळ मिळत नव्हता. डोंगरात बऱ्याच देशांत चालणारी खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, साधारण दर दहा सेकंदाला एक, मग एक मिनिट पूर्ण शांत राहून कान द्यायचा, आणि परत सहा. ज्याला ऐकू आली त्यानं मिनिटात तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. अमेरिकेत तीनचीच खूण चालते, म्हणून कुठल्याही डोंगरात तीन किंवा सहा अशा ठराविक अंतरानं शिट्ट्या ऐकू आल्या तर मजा समजून सोडून देऊ नका. आणि उत्तर आलं की हरवलेल्यानं जागा सोडायची नाही, वाजवत राहायचं, येणाऱ्याला दिशा तुमच्या शिट्टीवरूनच कळते.

मजेसाठी वाजवणाऱ्यांना मात्र कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडावर, हरिहरवर जा, पिपाण्या, शिट्ट्या, ब्लूटूथ स्पीकर, सगळं एकदम चालू असतं. त्या गर्दीत खालून कुणी अडकलेला सहा शिट्ट्या देत असेल तर त्याच्याकडे कोण बघणार? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची माणसं रात्री-बेरात्री पावसात दोर घेऊन आपल्यासारख्यांना शोधायला उतरतात, त्यांना दरीत शेवटी आवाजाचाच आधार असतो. रेंज असेल तर ११२ लावा, अर्थातच, पण फोन भिजतो, बॅटरी संपते, आणि दरीत रेंज नसते.

मग घ्यायची कुठली. ट्रेकसाठी माझं मत रबरी कव्हरवाली फॉक्स ४० क्लासिक, डोळे झाकून. पाण्यात जाणाऱ्यांना आणि लीडरला स्टॉर्म. लहान मुलं, म्हातारी माणसं, ज्यांचा दम कमी आहे त्यांना टॉर्नेडो. गडद किंवा हिरव्या रंगाची घेऊ नका, गवतात पडली तर सापडत नाही, केशरी नाहीतर पिवळी घ्या. आणि ग्रुपमध्ये एकाकडे असून उपयोग नाही, हरवतो तो नेमका ज्याच्याकडे नाही तोच, प्रत्येकाच्या गळ्यात एक.

भाच्यासाठी केशरी घेतलीय. ऑक्टोबरात परत अंधारबनला गेलो तेव्हा त्या झाडापाशी थांबून त्यानं ती सहा वेळा वाजवली, मी ओढ्यापलीकडे उभा होतो, सहाही मोजल्या, आणि तीन वाजवून उत्तर दिलं. हिरडीत त्या काकांकडे चहा झाला, जाताना एक शिट्टी त्यांच्या नातवाला दिली.